लेप्रेकॉन नशीब वाटत फिरत नाही

महोदय,

सेंट पॅट्रिक डेच्या (१७ मार्च, आयर्लंडचा सण) निमित्ताने आपल्या बालपुरवणीत लेप्रेकॉनवर, म्हणजे आयरिश गोष्टींतल्या जादुई बुटक्यावर, आलेला मजकूर वाचला. हिरवा कोट, हिरवी टोपी, पुढ्यात मोहरांचा हंडा आणि चित्राखाली ओळ : 'हा दिसला की नशीब उघडते.' चित्र झकास आहे. नशिबाची ओळ मात्र आयरिश लोककथांच्या नेमकी उलट आहे. जुन्या गोष्टींत लेप्रेकॉनच्या मागे लागलेला माणूस बहुधा हात हलवतच घरी येतो.

मुळात हा गडी मोची. आपल्या मजकुरात त्याचा हा धंदाच आलेला नाही. १८२०च्या दशकात लोककथांचे संग्राहक क्रॉफ्टन क्रोकर यांनी दक्षिण आयर्लंडमधल्या कथा छापल्या, त्यांत टॉम फिट्झपॅट्रिकची गोष्ट आहे. कुंपणापलीकडून टकटक ऐकू आली म्हणून टॉम डोकावतो, तर चामड्याचा एप्रन लावलेला इवलासा म्हातारा बूट ठोकत बसलेला. टॉमला पक्के ठाऊक असते, की याच्यावरची नजर हटली की संपले. म्हातारा कमी नाही. 'अरे, तुझी गुरं ओटच्या शेतात शिरली!' असे ओरडून तो टॉमची मान वळवायला बघतो. शेवटी सोन्याच्या हंड्यासाठी धाकदपटशाने टॉम त्याला पिवळ्या फुलांच्या रानझुडपांनी भरलेल्या एका रानात नेतो. 'या झुडपाखाली खण', म्हातारा सांगतो. कुदळ घरी राहिलेली! टॉम खुणेसाठी झुडपाला आपल्या मोज्याची तांबडी फीत बांधतो, ती सोडणार नाही अशी शपथ म्हाताऱ्याकडून घेतो आणि धावत सुटतो. परत येऊन बघतो तो चाळीस एकरांहून मोठ्या त्या रानात झुडपाझुडपाला तश्शीच तांबडी फीत. शपथही मोडली नाही, सोनेही दिले नाही! मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट कोणती?

याचे पूर्वज तर त्याहून जुने. आठव्या शतकाच्या सुमाराच्या एका कथेत अल्स्टरचा (आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत) राजा फर्गस मॅक लेती झोपेत असताना पाण्यातले बुटके त्याला समुद्राकडे ओढू लागतात. पायाला गार पाणी लागताच राजा जागा होतो आणि तिघांना पकडतो. सुटकेच्या बदल्यात त्याला पाण्याखाली वावरण्याची सिद्धी मिळते, पण एका ठिकाणचे पाणी वर्ज्य ठेवून. राजा अर्थातच तिथेच उतरतो आणि आतला राक्षसी जलचर पाहून भीतीने त्याचे तोंड वाकडे होते ते होतेच.

हिरव्या रंगाचेही तसेच. आयरिश कवी येट्स यांनी १८८८ साली नोंदवले आहे, की घोळक्याने राहणारे परीलोक हिरवे कपडे घालतात आणि एकटे राहणारे तांबडे. लेप्रेकॉन पक्का एकलकोंडा, म्हणजे कोट तांबडाच हवा. आजचा हिरवा, हसरा अवतार भेटकार्डे, सिनेमे आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी रुजवला. खुद्द आयरिश लोकांनाही तो खटकला आहे. माजी पंतप्रधान जॉन कॉस्टेलो यांनी १९६३ मध्ये संसदेत पर्यटनाच्या सवंग जाहिरातींवर टीका करताना लेप्रेकॉनचे नाव घेतले होते.

गंमत म्हणजे अर्थतज्ज्ञांना हा बुटका जास्त कळला : त्याचे सोने दिसते, हाती लागत नाही. २०१५ या एका वर्षात आयर्लंडचा जीडीपी (देशातले एकूण उत्पादन) २६ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे आकडे २०१६ मध्ये आले. वाढीचे मोठे कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कागदोपत्री तिथे हलवलेली मालमत्ता. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी त्याला 'लेप्रेकॉन अर्थशास्त्र' म्हटले, आणि पुढे आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाला २०१७ पासून राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा, सुधारित आकडा द्यावा लागला.

पुढच्या मार्चमध्ये बालपुरवणीत टॉमची गोष्ट छापावी ही विनंती. आणि चित्रकाराला सांगून म्हाताऱ्याच्या हातात हंड्याऐवजी हातोडी द्यावी.

— आपला एक वाचक, मिरज