झॉम्बीपटाच्या रिमेकची नवी ब्लू-रे डिस्क सदोष असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: अंधारातले तपशील गिळणारे चित्र, तिसऱ्या रिळापासून मागे पडणारा आवाज आणि वेष्टनावरचा चुकीचा दावा

महोदय/महोदया,

चित्रपटाचे नाव आणि डिस्कचा क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे. ‘नव्याने स्कॅन केलेली, संपूर्ण, न कापलेली आवृत्ती’ असे छापून आपण हा रिमेक पुन्हा विक्रीला आणलात. प्रदर्शित झाला तेव्हा तो बहुतेकांना आवडला नव्हता, आम्हालाही नाही. अशा चित्रपटाची डिस्क कुणी घेतो ती एकाच कारणासाठी: तेव्हा आपण त्याच्यावर अन्याय तर केला नाही ना, हे स्वच्छ प्रतीवर पडताळून पाहावे. आपल्या डिस्कवर नेमके तेच जमत नाही. कुठली चूक दिग्दर्शकाची आणि कुठली आपली, हे आधी निवडून काढावे लागते.

सगळ्यात मोठी चूक काळ्या रंगाची आहे. 34व्या मिनिटाला तळघराच्या जिन्याचा प्रसंग येतो. नायिका कंदील पायरीवर ठेवते, मागे वळते आणि कुणीतरी तिचा खांदा धरते. तो आला कुठून, ते कळत नाही. पडद्याची डावी बाजू डांबर फासल्यासारखी सपाट काळी आहे. पाहणारा साहजिकच पटकथेला बोल लावणार. आता टीव्हीचा ब्राइटनेस 50 वरून 65 वर न्या आणि तोच प्रसंग पुन्हा लावा. तो तिथेच आहे! जिन्याच्या खांबाआड, हल्ल्याच्या तब्बल 9 सेकंद आधीपासून उभा. सदऱ्याचे एक बटण कंदिलाच्या उजेडात चमकते आणि तो किंचित झुलतो आहे. नायिकेला न दिसलेला माणूस प्रेक्षकाला आधी दिसावा, हाच त्या प्रसंगाचा जीव होता. डिस्कने तो मारून टाकला.

कारण बहुधा असे. 8 बिटच्या डिजिटल चित्रात उजेडाच्या 0 ते 255 अशा पायऱ्या असतात. ब्लू-रेवर काळा 16 वर आणि पांढरा 235 वर धरला जातो. आपला मास्टर, म्हणजे ज्यावरून डिस्क निघतात ती मूळ प्रत, 0 ते 255 मध्ये तयार झाला असणार आणि एन्कोड करताना, म्हणजे डिस्कसाठी रूपांतर करताना, तो 16 ते 235 मध्ये बसवायचे राहून गेले असणार. त्यामुळे 16 च्या खालचे सगळे काळ्यात बुडते आणि 235 च्या वरचे पांढऱ्यात विरून जाते. कंदिलाची ज्योत म्हणूनच नुसता पांढरा ठिपका दिसते. तपासताना प्लेअरचे आउटपुट वायसीबीसीआरवर (उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवण्याची पद्धत) ठेवा, कारण आरजीबीवर (लाल, हिरवा, निळा अशी पद्धत) काही प्लेअर 16 खालचे तपशील आधीच छाटतात. ‘ब्राइटनेस वाढवून पाहा’ हे मात्र ग्राहकाला द्यायचे उत्तर नव्हे. 65 वर बाकीचा चित्रपट धुरकट राखाडी होतो. दोन प्लेअर आणि दोन टीव्हींवर हेच दिसले. इतर डिस्क त्याच सेटिंगवर ठीक चालतात.

दुसरी चूक ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, पुसण्याची. नॉइज रिडक्शन इतके जोरात लावले आहे की चेहरे मेणाचे वाटतात. झॉम्बीपटात हे फार महागात पडते. फोम लेटेक्सच्या (मेकअपसाठीच्या मऊ, सच्छिद्र रबराच्या) तुकड्याची पातळ कड खऱ्या त्वचेत मिसळते ती रंगाच्या बारीक ठिपक्यांमुळे आणि फिल्मच्या ग्रेनमुळे. ते गेले की कुजलेला गाल रबरी मुखवटा दिसतो, आणि मेकअप करणाऱ्याची मेहनत वाया जाते. शिवाय हे पुसणे मागच्या-पुढच्या फ्रेमची सरासरी काढून केलेले दिसते. 51व्या मिनिटाला खिडकीतून आत येणाऱ्या हाताच्या मागे त्याच हाताची फिकट सावली ओढली जाते.

आवाजाचे दुखणे वेगळे आहे. पहिली दोन रिळे बिनचूक आहेत. तिसऱ्या रिळापासून आवाज 5 फ्रेम मागे पडतो, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने सुमारे 208 मिलिसेकंद. बंदुकीच्या तोंडाशी ठिणगी आधी, बार नंतर. हे अंतर शेवटपर्यंत वाढतही नाही आणि घटतही नाही, म्हणजे वेगाचा घोळ नाही. तिसऱ्या रिळाच्या सुरुवातीच्या 5 फ्रेम चित्रातून गळल्या असाव्यात. तिथे जोड तपासा. घरी यावर इलाज नाही, कारण स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या बहुतेक रिसीव्हरमध्ये आवाज उशिरा सोडण्याची सोय असते, लवकर सोडण्याची नसते.

‘न कापलेली’ या दाव्याविषयी थोडक्यात: 63व्या मिनिटाला डोक्यात गोळी लागण्याआधीच दृश्य बदलते आणि पार्श्वसंगीत मधल्या ठोक्यावर तुटते. ही कापलेलीच प्रत आहे.

चित्रपटाचे स्वतःचे दोष आम्ही आपल्या माथी मारत नाही. मेलेली माणसे का उठली, याचा खुलासा करण्यात त्याची शेवटची 20 मिनिटे फुकट जातात. जॉर्ज रोमेरो यांच्या 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये शुक्राहून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्साराचा तर्क बातम्यांत कानावर पडतो आणि तसाच सोडून दिला जातो; भीती टिकते ती त्यामुळे. तिथला पहिला मृत तर धडधडीत उजेडात, दूरवरून साध्या माणसासारखा चालत येतो. हा रिमेक त्या तोडीचा नाही, हे मत आजही कायम आहे. पण जिन्याचा तो प्रसंग दिग्दर्शकाने नीट रचला होता, आणि त्याचे श्रेय त्याला मिळायलाच हवे.

आपल्या पहिल्या उत्तरात ‘बदली डिस्क पाठवतो’ असे म्हटले आहे. त्याने काहीही साधणार नाही. हा ओरखड्याचा किंवा छपाईचा दोष नाही. त्याच मास्टरवरून निघालेली प्रत्येक डिस्क अशीच असणार. आम्हाला हवे आहे ते असे: पातळ्या दुरुस्त करून नवा एन्कोड, त्यात ग्रेन शाबूत, तिसऱ्या रिळाचा आवाज जागेवर, आणि एकतर खरोखर न कापलेली प्रत, नाहीतर वेष्टनावरून तो शब्द काढून टाकणे. हे शक्य नसेल तर पूर्ण पैसे परत करावेत.

वर दिलेल्या चारही ठिकाणांची छायाचित्रे आणि वेळा सोबत जोडल्या आहेत. जिन्याच्या प्रसंगाची दोन छायाचित्रे आहेत, ब्राइटनेस 50 वर आणि 65 वर. ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दुरुस्त डिस्क येईपर्यंत ही डिस्क आमच्याकडेच राहील, कारण तुलनेला ती लागेल.

आपले,
ग्राहक