आखाजीला येते, मग निघते

तीर्थरूप आई-आप्पांना
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि आप्पांनी फोन दादाच्या हातात दिला असता. म्हणून लिहितेय. आप्पा, तुम्हीच आईला वाचून दाखवा, आणि शेवटपर्यंत वाचा.

मी युगांडाला जातेय. वर्षभरासाठी. करारावर सही झाली आहे. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आईच्या नुसत्या आवाजानेच माझा पाय निघाला नसता.

तिथे युंबे जिल्ह्यात बिडीबिडी नावाची वस्ती आहे. दक्षिण सुदानमधल्या लढाईतून जीव घेऊन पळालेली माणसं २०१६ पासून तिथे राहतात, दोन लाखांहून जास्त. युगांडा सरकार निर्वासितांना तारेच्या कुंपणात ठेवत नाही, कसायला जमीन देतं. सुरुवातीला आलेल्यांना तीस बाय तीस मीटरचा तुकडा मिळाला, म्हणजे आपले नऊ गुंठेसुद्धा नाही. त्यातच घर, त्यातच शेत. माती रेताड. पाऊस पडला की कस धुऊन जातो. त्यात मदतीचं धान्य कमी झालंय आणि सरपणासाठी आसपासची झाडं गेली आहेत. बाया लांबलांब लाकडं आणायला जातात, वाटेत त्यांच्यावर हात टाकला जातो. आई, एवढं वाचून तरी मला "तठे तुले कोन शे?" असं विचारू नकोस. उकाई धरणाचं पाणी गावात चढलं तेव्हा आजीला नव्या जागेवर कोण होतं? त्या मुरमाड जमिनीवर ती मरेपर्यंत राख नि शेण टाकत राहिली. मामा अजूनही त्या वावराला "मायचं वावर" म्हणतो.

माझं काम तसंच आहे, फक्त राखेऐवजी कोळसा. त्याला बायोचार म्हणतात. जमिनीत शंकूसारखा खड्डा करायचा, तळाशी जाळ धरायचा आणि धाटं, टरफलं, वाळक्या काटक्या थराथराने टाकत जायचं. वरची ज्वाळाच हवा खाऊन टाकते, म्हणून खालचा माल जळून राख होत नाही, त्याचा कोळसा होतो. वरच्या थरावर पांढरी झाक आली की पुढचा थर. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचं. आप्पा, बांधावर पऱ्हाट्या पेटवायचा तेव्हा तुम्ही माझ्या नाकाला तुमचा रुमाल बांधायचा आणि फ्रॉकला धरून मागे ओढायचा. त्या रुमालाचा तंबाखूचा वास मला अजून येतो. आपल्या त्या पऱ्हाट्यांची पार राख व्हायची. इथे राख व्हायच्या आत पाणी.

पण नुसता कोळसा वावरात टाकला तर तो नत्र धरून बसतो आणि पीक पिवळं पडतं. आधी शेणखतात, गोमूत्रात मुरवावा लागतो. मग त्याच्या बारीक छिद्रांत पाणी आणि खत टिकतं, आणि कोळसा शेकडो वर्षं कुजत नाही. ॲमेझॉनच्या जंगलात जुन्या माणसांनी कोळसा, हाडं, खरकटं मिसळून केलेली काळी माती आजही कसदार आहे. आपल्या काळ्या रानात मात्र त्याचा एवढा उपयोग नाही हो, उगाच करून बघू नका. ते आधीच पाणी धरतं आणि चुनखडीचं आहे. रेताड, आंबट जमिनीला तो लागू पडतो.

उरलेल्या चुऱ्यात कसावाच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठाची खळ घालून कांड्या पाडतात. बाया त्या चुलीत वापरतात, विकतातही. लाकडाची खेप वाचते, चार पैसे हाताशी येतात. माझी एकच अट राहील, झाड तोडून कोळसा करायचा नाही.

आता माझं खाणंपिणं. तिथल्या बायाही ज्वारी खातात, आंबवलेल्या पिठाची किसरा करतात, अगदी तुझ्या धिरड्यासारखी. शेंगदाणे, तीळ तिथेच पिकतात. चपाती तर रस्त्यावर मिळते. कंपालात गुजराती लोकांची दुकानं आहेत, तूरडाळीची चिंता नाही. पीतज्वराची लस घेतली. मच्छरदाणीशिवाय झोपणार नाही, शप्पथ. कळण्याचं पीठ आणि लाल मिरचीचा ठेचा मात्र बांधून दे, जास्त नको, किलोभर.

आप्पा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. रात्रीची लाईट असली तरी पाणी भरायला तुम्ही जायचं नाही, त्या गुडघ्यावर अंधारात तर मुळीच नाही. या आखाजीला सालदार ठेवायचाच. पैसे मी पाठवीन, ते दादाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्यात घालू नका. आई, डोळ्याचं ऑपरेशन पावसाच्या आधी करून घे. दादाला तारीख घ्यायला सांगितली आहे. वहिनीवर चिडू नकोस, ती बिचारी तुझं सगळं करते.

आखाजीला येते. झोका बांधून ठेवा. मग मुंबईहून निघेन. तिथलं घड्याळ अडीच तास मागे आहे, आपल्या रात्री साडेनऊला तिथे सात. तेव्हा फोन करत जाईन, मालिका बंद ठेवायची.

हे वाचून झालं की लगेच मला फोन करा. रागवायचं असेल तर रागवा, पण करा.

तुमची,
मनू