दर नंतर, आधी पाणी विचार

जत, जि. सांगली
१२ एप्रिल

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला नव्या घराचा नकाशा आणि ठेकेदाराचं कोटेशन दोन्ही पाहिले. नकाशा झकास. कोटेशनात सिमेंटची कंपनी आहे, सळईची जाडी आहे, टाइल्सचा रंगसुद्धा आहे. पाणी कुणी आणायचं ते कुठंच नाही. तुमच्या इस्लामपूरकडं हे खपून जातं, कृष्णाकाठी पाण्याचा हिशेब कोण लिहितो? पण तू बांधतोयस जतला. चौरस फुटामागं पन्नास रुपये कमी करून घेण्यात जीव काढण्यापेक्षा ही एक ओळ लिहून घे.

माझ्या घराच्या वेळी जो येईल त्याला मी दराआधी हेच विचारायचो, "पाणी कुणाचं?" एकजण म्हणाला, "तुमचंच की मालक, बोअर दिसतंय ना." दुसरा म्हणाला, "आम्ही केमिकल मारतो, पाणी मारायचं कामच नाही." काँक्रीटमधली ओल उडू न देणारं तसलं केमिकल असतं, खोटं नाही, पण कुठलं, ते त्याला सांगता येईना. मग आटपाडीकडचा एक जुना मिस्त्री आला, आता स्वतः ठेके घेतो. त्यानं बोअर चालू करायला लावलं, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाला, "मचूळ हाय. तपासून आणा, मग बोलू." त्याचा दर सगळ्यांत चढा होता. काम त्यालाच दिलं.

तपासणीत त्याचं तोंड खरं ठरलं. सळईच्या काँक्रीटला वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, असं आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, सांगतं. आमच्या बोअरचं त्याच्या बरंच पुढं. असलं पाणी कालवलं की आतली सळई गंजून फुगते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे पडायला लागतात. म्हणून म्हैसाळच्या कालव्याखालच्या एका विहिरीवरून टँकर लावले. त्याचा खर्च करारातच धरला होता, त्यामुळं नंतर कुरबुर झाली नाही.

खरी कसोटी स्लॅब पडल्यावर. साध्या सिमेंटला एरवी किमान सात दिवस पाणी मारतात, आपल्यासारख्या कोरड्या, तापत्या हवेत किमान दहा. आणि इथला वारा तुला माहीत आहे, सकाळी भिजवलेला कॉलम दुपारी पापडासारखा वाळतो. मिस्त्रीनं पहाटे दिवे लावून स्लॅब ओतायला सुरुवात केली, दुसऱ्या दिवशी वर आळी करून पाणी कोंडलं, कॉलमना ओली पोती गुंडाळली. पाणी मारायला वेगळा माणूस ठेवला होता. बाकी ठिकाणी हे काम वॉचमनच्या पोरावर सोडतात, मग भेगा दिसल्या की सिमेंटला शिव्या. तू कुणालाही काम देण्याआधी त्यानं गेल्या उन्हाळ्यात ओतलेला एखादा स्लॅब पाहून ये. नवीन रंग दिलेलं घर दाखवायला नेईल, तिथं जाऊ नकोस.

दुसरं म्हणजे तुझा प्लॉट ओढ्याकडंचा, काळ्या मातीचा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. पक्का मुरूम कितीवर लागतो हे खड्डा काढल्याशिवाय कळत नाही, आणि तुझ्या माणसानं खड्डा न काढताच पायाची खोली लिहून टाकली आहे! तिथंच मला त्याचा अंदाज आला.

पैसे टप्प्यानं दे: जोतं, स्लॅब, गिलावा. शेवटची थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेव. नाराज होईल, होऊ दे.

उन्हाचं म्हणशील तर आजोबांच्या माळवदाखाली दुपारी झोप लागायची, स्लॅबखाली ती मिळत नाही. मी वर कोबा करून पांढरे टाइलचे तुकडे बसवले, बराच फरक पडला. तुझी बेडरूम नकाशात पश्चिमेला आहे, ती हलव आणि तिथं जिना घे. जोत्याबरोबर जमिनीखालची टाकीही करून घे, मागून फरशी फोडायला नको. हजार चौरस फूट स्लॅबवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४६ हजार लिटरच्या आसपास पाणी होतं. थोडं वाया गेलं तरी दहा हजारी तीन टँकर कुठं गेले नाहीत.

आता लगेच सुरू करू नकोस. दसऱ्याला नारळ फोडलास तर स्लॅब थंडीत येईल आणि विहिरींनाही पाणी असेल. मे महिन्यात येशील तेव्हा मिस्त्रीला बोलावून ठेवतो, खड्डाही तेव्हाच काढू. अण्णांना बरोबर आण. माती बघून त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुरेश