कॅमेरा अडवू नका, नियम दारावर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मंदिरांत, लेण्यांत, किल्ल्यांवर फोटो काढू द्यायचे की नाही, हे आजही बऱ्याच ठिकाणी दारावर बसलेल्या माणसाच्या मर्जीवर चालते. मोबाइलला कोणी काही म्हणत नाही, पण गळ्यात कॅमेरा दिसला की ‘परवानगी आहे का?’ म्हणून अडवले जाते. कसली परवानगी, ती कोण देणार, पैसे किती, याचा पत्ता नसतो. फलकावर त्याबद्दल अक्षरही नसते. तेवढ्यात पलीकडे कोणी कोरीव खांबाला पाय लावून रील काढत असते, त्याला मात्र कोणी हटकत नाही. हे माझ्यासोबत एकाहून अधिक ठिकाणी घडले आहे, म्हणून हे पत्र.

मुळात नियम एवढा जाचक नाही. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील मुख्य कबरीची जागा वगळता केंद्र संरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणाला मुभा देत असल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुलै २०१८ मध्येच जाहीर केले होते. ट्रायपॉड, दिवे, चित्रीकरण, ड्रोन यांना वेगळी परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. देवस्थानाने गाभाऱ्यात फोटो नको म्हटले तर तेही मान्य. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही या बाबतीत उदार आहे. इमारतीचा फोटो काढणे आणि तो प्रसिद्ध करणे हा हक्कभंग नव्हे, असे त्याचे ५२ वे कलम सांगते.

प्रवाशांच्या फोटोंचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी अजिंठ्याचा इतिहास आठवावा. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकाराला तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम १८४४ मध्ये मिळाले. वर्षानुवर्षे खपून केलेली त्यांची बहुतेक तैलचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत गेली. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत जळाल्या. गिल यांनी कॅमेऱ्यानेही लेणी टिपली होती आणि ती छायाचित्रे १८६४ मध्ये छापून झाली होती. एका छताखाली ठेवलेल्या नकला एका आगीत जातात. छापून चार ठिकाणी पोचलेले फोटो मागे राहतात.

आमच्या भागातले खिद्रापूर घ्या. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी कोपेश्वराचे मंदिर आहे. स्वर्गमंडपाला मध्यभागी छतच नाही. तिथे सुमारे १३ फुटांचे गोल आकाश दिसते आणि बरोबर खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा. भर दुपारी उन्हाचा गोळा त्या शिळेवर उतरतो. सगळे जण याच जागी मान वर करून फोटो घेतात, घ्यावाच असा तो आहे. पण बाहेर येऊन जोत्याला प्रदक्षिणा घातली की खरा खजिना दिसतो. मंदिर पाठीवर पेलून उभे असलेले हत्ती, एकाचा साज दुसऱ्यासारखा नाही. कित्येकांच्या सोंडा तुटल्या आहेत. दक्षिण दरवाजाजवळ यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा संस्कृत शिलालेख आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे अशी उठून दिसतात की लहान मुलानेही बोट फिरवून गिरवावीत; दुपारी तीच सपाट होऊन जातात. या हत्तींचे आणि त्या अक्षरांचे फोटो किती जण घेतात? शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. उद्या एखादा दगड सरकला, एखादी सोंड आणखी झिजली, तर आधी काय होते हे सांगायला आजचाच फोटो लागणार आहे.

खिद्रापूर निदान संरक्षित आहे. महाराष्ट्रात केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारके तीनशेच्याही आत आहेत, आणि राज्याच्या यादीतली धरूनही गावोगावची असंख्य जुनी मंदिरे, वीरगळ, बारवा उरतातच. तिथे जीर्णोद्धाराच्या उत्साहात काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढतो, फरशी बसते, पुढे पत्र्याचा मंडप येतो. गावकऱ्यांची श्रद्धा खरी असते, पैसाही त्यांनीच घामाचा घातलेला असतो. पण रंगाखाली गेलेले कोरीवकाम पुन्हा दिसत नाही. रस्त्यात गाडी थांबवून कुणा पांथस्थाने दहा मिनिटे काढली असतील, तर तेवढाच पुरावा. मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण मूळच्या गोलसर बाल्कन्या आणि छज्जे कसे होते हे कळायलाही जुने फोटोच शोधावे लागतात.

म्हणून सहलीला जाणाऱ्यांना मनापासून सांगणे आहे. आपला आणि घरच्यांचा फोटो अवश्य काढा, पण एक फोटो इमारतीसाठी राखून ठेवा. थोडे मागे सरका, कॅमेरा वर न तिरपवता सरळ धरा, चारही बाजू घ्या. शेजारी माणूस उभा करा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. मग जवळ जाऊन जोते, खांब, छत, भेगा टिपा. फ्लॅश मात्र बंदच ठेवा. तारीख आणि गावाचे नाव लिहून ठेवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळे होऊ नका, तिथे तो आकसून तपशील जातो. विकिमीडिया कॉमन्सवर मूळ फोटो मोफत ठेवता येतो आणि अभ्यासकांना तो कधीही वापरता येतो.

पुरातत्त्व खात्याने, राज्याने आणि देवस्थान समित्यांनी आपापल्या दारावर मराठीत ठळक फलक लावावा. फोन आणि हातातल्या कॅमेऱ्याला सारखाच नियम, कुठे फोटो नाही, कशाला परवानगी लागते, ती कोणत्या कार्यालयात आणि किती शुल्कात मिळते, एवढे त्यावर असले तरी पुरे. कोरीव दगडावर चढणाऱ्याला दंड किती, हेही त्याच फलकावर लिहावे आणि तो वसूल करावा. पहारेकऱ्यालाही मग वाद घालावा लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली