बडबड नव्हे, लग्गी!

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

'हल्लीची मुलं गाण्याऐवजी नुसती बडबड ऐकतात' हे रॅपविषयीचं, म्हणजे तालावर शब्द फेकत म्हणायच्या गाण्याविषयीचं, एका वाचकाचं पत्र वाचलं. परवापर्यंत मीही तेच म्हणत होतो. आमच्या इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याच्या कीससाठी ताटकळताना नातवाने इअरफोनचा एक बोंडूक माझ्या कानात घातला. रॅपर नेझीचं 'आफत', २०१४चं. मुंबईतल्या कुर्ल्याच्या या पोराने ते चक्क आयपॅडवर केलं, चित्रणसुद्धा त्यावरच. निम्मे शब्द निसटले, पण सम पक्की!

घरी येताना नातवाने हे संगीत जिथे जन्मलं त्या न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा किस्सा सांगितला. ११ ऑगस्ट १९७३. रेकॉर्डी वाजवणारा डीजे कूल हर्क, त्याच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते, म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. मंडळी ड्रमच्या तुकड्यालाच जास्त नाचतात हे हर्कने हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटूनपालटून लावत तो तुकडा लांबवायला सुरुवात केली. अहो, ही तर आमची लग्गी, तबल्यावर छोटा जलद बोल पुन्हापुन्हा फिरवणं! भजनात चाळीस वर्षं मी तेच करतोय. पेटीवाले डोळे वटारतात, ते सोडा.

रविवारच्या पुरवणीत नाट्यसंगीताशेजारी अशा एखाद्या गाण्याची गोष्ट छापा. अक्षर जरा मोठं ठेवा.

आपला,
एक तबलजी, रामबाग, इंदूर