सुमे, काठावर उभी राहशील ना?

कोल्हापूर,
संक्रांतीनंतरचा रविवार, रात्र

प्रिय सुमे,

तुझा तिळगुळाचा डबा पोचला. परवा फोनवर तू विचारलंस, "पहाटे साडेचारला उठून करतेस तरी काय गं एवढं?" आणि मी "व्यायाम" म्हणून विषय बदलला. तुझ्यापासून लपवायचं काही नव्हतं. पण ते दोन मिनिटांत उरकायचंही नव्हतं, म्हणून आज सगळी निजल्यावर लिहायला बसले आहे.

मी ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहे. आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर आलं की ओल्या अंगानं सायकलवर बसायचं आणि सायकल ठेवली की धावायचं. सगळं सलग, घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत चालू. मी त्यातला एक छोटा प्रकार घेतला आहे, त्याला स्प्रिंट म्हणतात. 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. ऑलिम्पिकमध्ये असतो तो याच्या दुप्पट.

हो, पोहणं. मी.

आप्पांची विहीर आठवते ना? सातवीची परीक्षा संपली तो मे महिना. तू जुन्या मोटेच्या थारोळ्यावरून मुटका मारायचीस आणि पाणी पार वरच्या पायरीपर्यंत उडायचं. आप्पांनी माझ्या पाठीला डबा बांधून मला पाण्यात सोडलं होतं. चौथ्या दिवशी दोरी सुटली. मी खाली जात होते आणि वर काठावर सगळी पोरं एकच ओरडत होती, "श्वास धर! श्वास धर!" मी धरला. इतका घट्ट धरला की आप्पांनी वेणीला धरून वर ओढलं तरी तो सुटेना. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी पायरीवर तुझे कपडे सांभाळत बसायचे. तू पाण्यातून हाक मारायचीस, "शैले, भ्यायचं काय त्यात?" आणि मी मान हलवायचे. तीस वर्षं झाली, ती पायरी काही माझ्याखालून निघाली नव्हती.

सायकल आणि धावणं कसं आलं ते तुला माहीत आहे. लॉकडाऊननंतर आमच्या गल्लीतल्या बायकांबरोबर पंचगंगेच्या पुलापर्यंत जायला लागले, मग केर्लीपर्यंत, मग एका रविवारी थेट जोतिबाच्या डोंगरावर. विद्यापीठाच्या आवारात पळायला लागले त्याला आता दोन वर्षं होतील. गटातली एक जण सहज म्हणाली, "वहिनी, तुमचं आता फक्त पोहणंच राहिलंय." तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

मे महिन्यात बायकांच्या पोहण्याच्या बॅचला नाव घातलं. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मला छातीभर पाण्यात उभं केलं, कठड्याला धरायला लावलं आणि म्हणाल्या, "तोंड पाण्यात घाला आणि श्वास सोडा." मला वाटलं चुकून बोलल्या. मी म्हटलं, "धरायचा ना?" त्या म्हणाल्या, "नाही. सोडायचा."

सुमे, मी दहा दिवस फक्त बुडबुडे सोडत होते. शेजारी आठ वर्षांच्या मुली सूर मारत होत्या आणि मी कठड्याला धरून नाकातोंडातून बुडबुडे. पण त्या दहा दिवसांत मला जे कळलं ते कुणी आपल्याला विहिरीवर सांगितलं नव्हतं. श्वास धरून ठेवला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि जीव घुसमटतो तो मुख्यतः त्यानं. प्राणवायू संपायला अजून वेळ असतो, पण शरीर आधीच घाबरं होतं. आणि मग तोंड पाण्याबाहेर आलं की त्या पाऊण सेकंदात जुना श्वास सोडायचा की नवा घ्यायचा? दोन्ही अर्धवट होतं, चार हातांत दम लागतो. पाण्यात असतानाच सावकाश सोडत राहिलं, तर मान वळवल्यावर फक्त आत घ्यायचं उरतं. ज्या दिवशी हे अंगात उतरलं त्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत बसून रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे.

जुलैच्या शेवटी पोहायच्या टाकीची पहिली लांबी न थांबता गेले, 25 मीटर. गणपतीच्या आसपास चार लांब्या. नोव्हेंबरात एका पहाटे तीस लांब्या मोजल्या, म्हणजे 750 मीटर. पाण्यातून वर आले तेव्हा वाफ निघत होती अंगातून. याच कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं 2010 च्या आशियाई खेळांत 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं. त्याच्या वेगाशी माझं काही देणंघेणं नाही, पण पाणी तेच, हा विचार मला त्या थंडीत ऊब द्यायचा.

आता एक कबुली. तुझ्या वास्तुशांतीला मी आदल्या रात्री मुक्कामाला आले नाही, दुसऱ्या दिवशी पंगतीलाच पोचले, आणि सासूबाईंना बरं नाही असं सांगितलं. ते खोटं होतं. त्या सकाळी माझी पहिली तीस लांब्यांची परीक्षा होती. मॅडमनी दिवस बदलून दिला असता, मी विचारलंच नाही, कारण पुढं ढकललं तर मी परत पायरीवर जाऊन बसेन अशी भीती होती. तुझ्या घराच्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले हे मला तेव्हापासून सलतंय. मला माफ कर.

डिसेंबरात मॅडम आम्हा चौघींना राजाराम तलावावर घेऊन गेल्या. स्पर्धेतलं पोहणं तिथंच आहे. पोहायच्या टाकीत तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून सरळ जायचं. तलावात रेघ नाही, तळ दिसत नाही, आपलेच हात कोपरापासून पुढं हिरव्या अंधारात नाहीसे होतात. पाण्यावर धुकं होतं. मी तोंड आत घातलं आणि विहीर आली. अगदी तीच. छाती बंद झाली. मी श्वास धरलेला होता, माझं मलाच कळलं नाही.

मॅडम होडीत होत्या. त्या ओरडल्या नाहीत. "पाठीवर व्हा," एवढंच म्हणाल्या. मी पाठीवर झाले, कान पाण्यात, वर फिकट आभाळ आणि त्यात बगळ्यांची एक रांग. दहा वेळा श्वास सोडला. मग होडीची कड धरली. सुमे, स्पर्धेतसुद्धा हे चालतं. थकलं, घाबरलं तर होडी किंवा बोया, म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण, धरून थांबता येतं, त्याच्या आधारानं पुढं मात्र सरकायचं नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांना भीती म्हणजे काय ते नक्की माहीत असणार.

त्या दिवशी मी पन्नास हात मारले आणि परत आले. पुढच्या रविवारी बोयापर्यंत गेले. आठ-दहा हात झाले की डोळे तेवढे मगरीसारखे पाण्याबाहेर काढून समोर बघायचं, नाहीतर माणूस वाकडं जातं आणि 750 चे सहज 900 मीटर होतात. बोया लहान असतो, लाटेत दिसत नाही, म्हणून त्याच्या रेषेतलं काठावरचं एक उंच झाड धरून ठेवायचं. शिवाय मॅडमनी आम्हाला मुद्दाम एकमेकींना खेटून पोहायला लावलं, कारण सुरुवातीला सगळे एकदम उतरतात, कुणाची लाथ बसते, कुणाच्या हातानं गॉगल सरकतो. पहिल्यांदा लाथ बसली तेव्हा मी थांबले. चौथ्यांदा मी नुसती बाजूला झाले आणि हात चालू ठेवला.

सायकलचं फार लिहीत नाही. माझी तीच साधी गिअरची आहे, नवी घेतली नाही. दिवाळीनंतर गुडघा दुखायला लागला तेव्हा वाटलं सगळं संपलं. निघालं एवढंच की सीट बोटभर खाली होती. पायडल अगदी तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला राहायला हवा. सीट वर केली, पंधरा दिवसांत दुखणं गेलं. एक काळजी मात्र खरी आहे. आता उसाचा हंगाम. पहाटे अंधारात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांना दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं दिवा असतोच असं नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. म्हणून मी उजाडल्याशिवाय गावाबाहेर जात नाही, आणि पुढं पांढरा, मागं लाल दिवा दिवसाही चालू ठेवते.

खरी गंमत सायकलवरून उतरल्यावर आहे. तासभर पायडल मारून पळायला लागलं की पाय आपले वाटतच नाहीत, मांड्या दगडाच्या होतात. याचा वेगळा सराव असतो, त्याला ब्रिक म्हणतात. दर शनिवारी सायकल ठेवली की तशीच दोन किलोमीटर पळते. पहिल्या वेळी दोनशे पावलांत थांबले होते. आता पहिलं किलोमीटर लहान पावलं टाकत जाते आणि दुसऱ्यात पाय परत माझे होतात.

आणि मधला बदल! आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये टॉवेल अंथरून बूट, मोजे, चष्मा मांडते, हेल्मेट उलटं ठेवून त्याचे पट्टे बाहेर सोडते. ओल्या अंगानं जिन्यावरून पळत यायचं आणि सायकल घेऊन फाटकापर्यंत जायचं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही असा नियम आहे. इमारतीतली पोरं मोठ्यानं सेकंद मोजतात. चार मिनिटांवरून पावणेदोनवर आले आहे.

सासूबाई आधी म्हणाल्या, "या वयात पाण्यात काय बाई?" पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख दाखवला तेव्हा थोड्या शांत झाल्या. आता शुक्रवारी रात्री त्याच राजगिऱ्याचे लाडू आणि दोन केळी माझ्या पिशवीशेजारी काढून ठेवतात. यावर आमचं बोलणं झालेलं नाही.

तू इतिहास शिकवतेस म्हणून हे तुझ्यासाठी. हा खेळ फार जुना नाही. 1974 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला पहिली शर्यत झाली. मग 1978 मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर, पोहणारे, सायकलवाले आणि पळणारे यांच्यात सगळ्यात दमदार कोण या वादातून, तिन्ही एकत्र करून आयर्नमॅन नावाची लांब पल्ल्याची शर्यत पहिल्यांदा झाली. पंधरा जण निघाले, बारा पोचले, त्यात बाई एकही नव्हती. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर नावाची सायकलपटू उतरली आणि सगळ्या पुरुषांत मिळून पाचवी आली. आणि 1982 मध्ये ज्युली मॉस. विद्यार्थिनी होती, आपल्या अभ्यासाच्या प्रबंधासाठी उतरलेली. शेवटपर्यंत सगळ्या बायकांच्या पुढं होती आणि रेषेच्या अगदी जवळ पाय गेले. पडली, उठली, परत पडली. दुसरी तिला ओलांडून गेली तरी ही हातापायांवर रांगत रेषेपर्यंत पोचलीच. मी ते चित्रीकरण तीनदा पाहिलं. मला ते लेकीला दाखवायचं होतं, पण आधी तुला सांगावंसं वाटलं.

आता कामाचं. स्पर्धा महाशिवरात्रीच्या आदल्या रविवारी आहे. शनिवारीच मुक्कामाला या, तू आणि आप्पा दोघंही. आप्पांना गुडघ्यांनी फार चालवत नाही हे माहीत आहे. तलावाच्या काठापर्यंत गाडी जाते, आणि मी आजच जाऊन सावलीची जागा बघून आले. त्यांना घडीची खुर्ची घेते. त्यांना आधी काही सांगू नकोस, पत्रही वाचून दाखवू नकोस. त्या दोरीचं त्यांनी मनाला फार लावून घेतलं होतं, आई सांगायची. मला त्यांच्यासमोर पाण्यात उतरायचं आहे.

पाण्यातून बाहेर येतो तिथं उजव्या हाताला दगडी पायऱ्यांसारखा उतार आहे. तू तिथं थांब. बाहेर आल्यावर मी थांबणार नाही, सायकलकडे पळत जाईन, तेव्हा राग मानू नकोस. माझा कोरडा टॉवेल आणि चपला तेवढ्या तुझ्याकडे ठेवशील का? शेवटच्या रेषेवर लागतील.

सकाळी साडेपाचला निघावं लागेल. थर्मासात चहा मी भरून ठेवते, आप्पांचा बिनसाखरेचा वेगळा.

तुझीच,
शैला