शाळकरी मुलांच्या धूम्रपानाची पाहणी प्रभागनिहाय व्हावी

महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक शाळांच्या प्रवेशद्वारापाशी तंबाखूमुक्त शाळेचा फलक लावलेला दिसतो, काही ठिकाणी, जिच्या आत तंबाखू विकण्यास मनाई असते, ती शंभर यार्डांची पिवळी रेषाही आखलेली असते. हे सारे आवश्यकच आहे. मात्र त्या शाळेतील नववी-दहावीची किती मुले सिगारेट ओढतात, ती कोणाकडून घेतात आणि पहिल्यांदा कितव्या वर्षी ओढली, हे त्यावरून कळत नाही. ते मुलांनाच विचारावे लागते, आणि खरे उत्तर देण्याची त्यांना भीती वाटणार नाही अशा रीतीने विचारावे लागते.

देशपातळीवर अशी पाहणी होते. जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाची भारतातील चौथी फेरी २०१९ मध्ये झाली आणि ती करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था वाशीच्या खाडीपलीकडे देवनारलाच आहे. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले त्या वेळी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचा वापर करत होती. २००९ मध्ये हेच प्रमाण १४.६ टक्के होते. ही घट दिलासा देणारी आहे. परंतु त्याच पाहणीत, सिगारेट ओढून पाहिलेल्या मुलांपैकी ३८ टक्के मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच ओढली होती, असेही आढळले. म्हणजे ही मुले त्या वेळी जेमतेम चौथी-पाचवीत असणार. आठवीत गेल्यावर एखादे व्याख्यान ठेवणाऱ्या शाळांनी या एका आकड्याचा फार गंभीरपणे विचार करायला हवा.

या पाहणीचे निष्कर्ष देशाचे आणि राज्यांचे असतात. दिघ्यातील वा कळव्यातील मुख्याध्यापकांना आपल्या शाळेविषयी त्यातून काहीच हाती लागत नाही. आइसलँडने नेमकी हीच उणीव दूर केली. तेथे शाळाशाळांतून नियमित पाहणी होते आणि तिचे निष्कर्ष वर्ष उलटण्याची वाट न पाहता त्या त्या गावाला व शाळेला कळवले जातात, त्यावर पालकांसह चर्चा होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण तेथे १९९८ मध्ये २३ टक्के होते, ते २०१६ मध्ये ३ टक्क्यांवर आले. हे श्रेय एकट्या प्रश्नावलीचे नाही. खेळ व छंदांसाठी सार्वजनिक पैसा, पालकांचे संघटन आणि रात्री मुलांनी बाहेर राहण्यावरील निर्बंध यांचाही त्यात वाटा आहे. पण कोठे काय करायचे, हे त्यांना पाहणीमुळे वेळेवर कळले.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपापल्या हद्दीत दर दोन वर्षांनी अशी प्रभागनिहाय पाहणी करावी, अशी माझी विनंती आहे. त्यात खासगी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळाही घ्याव्यात, कारण व्यसन केवळ महापालिका शाळांतील मुलांचे असते हा समज निराधार आहे. प्रश्नपत्रिकेवर नाव, हजेरी क्रमांक वा तुकडी नसावी, ती वाटायला व गोळा करायला बाहेरची माणसे असावीत आणि त्या तासाला वर्गशिक्षकांनी वर्गाबाहेर थांबावे. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले आहे. शिक्षक वर्गात फेऱ्या मारत असताना एकही मूल असल्या प्रश्नाचे खरे उत्तर लिहिणार नाही, हे मी खात्रीने सांगते. शाळांची नावे जाहीर करून क्रमवारी लावण्याचा मोहही टाळावा, नाहीतर पुढच्या वेळी शाळाच मुलांना उत्तरे सांगतील.

प्रश्न मात्र थेट हवेत. सिगारेट सुटी मिळाली का? विक्रेत्याने वय विचारले का? ई-सिगारेट वापरून पाहिली का? राज्यात सुट्या सिगारेटच्या विक्रीला २०२० पासून आणि देशात ई-सिगारेटला २०१९ पासून बंदी आहे. अल्पवयीन मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. तेव्हा कायद्यांची वाण नाही. कोणत्या भागातील पानटपऱ्यांवर आधी कारवाई करायची, हे ठरवण्यासाठी मुलांच्या उत्तरांइतका विश्वासार्ह आधार दुसरा नाही. मुलांवर मात्र त्यातून कोणतीही कारवाई होता कामा नये. ज्या शाळेत प्रमाण अधिक आढळेल, तेथे पूर्णवेळ समुपदेशक द्यावा आणि शाळा सुटल्यानंतर मैदान खुले ठेवावे.

शाळा सोडलेली मुले वर्गातील पाहणीत सापडणार नाहीत, आणि त्यांच्यात व्यसनाचा धोका अधिक आहे. त्यांच्यासाठी वस्तीपातळीवरील आरोग्य सेविकांची मदत घेऊन वेगळी नोंद करावी लागेल. शाळांतील पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी घेतली, तर दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच पालक सभेत निष्कर्ष मांडता येतील. दोन्ही महापालिकांच्या शिक्षण आणि आरोग्य विभागांनी त्यासाठी आताच एकत्र बसावे.

— एक निवृत्त शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई